हिराकुड : आपण सांगतो ती अर्धीच गोष्ट



दोन वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यात युवकांच्या एका शिबिरात मी ‘बाबासाहेब आणि भारताची जलनीती’ या विषयावर बोलले. नेहमीचेच व्याख्यान. दामोदर, हिराकुड, सोन, महानदी ही नावे घेतली, दोन-तीन जुने फोटो दाखवले. ज्या मुलाला शाळेत माठाला हात लावू दिला नाही, त्याच मुलाने पुढे देशाच्या नद्यांचे नियोजन केले, असे म्हटले की टाळ्या पडतात. पडल्या. मग मागच्या रांगेतली एक गोंड मुलगी उभी राहिली. तिचे कुटुंब गोसेखुर्दच्या धरणात उठलेले.

“ताई, मोठी धरणं तुमच्या बाबासाहेबांनी आणली असं तुम्ही सांगता. मग गावं कोणी बुडवली?”

मी काहीतरी उत्तर दिले. धोरण बाबासाहेबांचे, अंमलबजावणी काँग्रेसची, असे काहीसे. ती खाली बसली, पण तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. “तुमच्या बाबासाहेबांनी” हा शब्द तर रात्रभर टोचत राहिला. बाबासाहेब तिचे का नाहीत, याला आपल्या अशा व्याख्यानांचाही हातभार आहेच की.

म्हणून यंदा मे महिन्यात मी हिराकुड पाहायला गेले. नागपूरहून रेल्वेने झारसुगुडा, तिथून संबलपूर आणि संबलपूरहून साधारण पंधरा किलोमीटरवर महानदीवरचे धरण. ऊन असे की आमच्या नागपूरकरांनीही तोंड झाकावे.

आधी धरणाबद्दल. धरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन डोंगरांमधली उंच भिंत येते. हिराकुड तसे नाही. ते उंच कमी, लांब जास्त. लामडुंगरी आणि चांदिली डुंगरी या दोन टेकड्यांमधले मुख्य धरण ४.८ किलोमीटरचे आहे. दोन्ही बाजूंचे मातीचे बांध धरले तर एकूण लांबी २५.८ किलोमीटर भरते. उंची जेमतेम ६१ मीटर. पण सपाट मुलखात अडवलेले पाणी पसरते, आणि ते पसरले आहे ७४३ चौरस किलोमीटरवर. वर उभे राहिले की पलीकडचा काठ दिसत नाही. समुद्रच वाटतो. दोन टोकांना दोन मिनार आहेत, एक गांधींच्या नावाचा आणि एक जवाहरलाल नेहरूंच्या नावाचा. पर्यटक तिथे चढतात, सेल्फी घेतात, खाली येऊन ऊसाचा रस पितात. मीही प्यायले. बाबासाहेबांचे नाव मी फिरले तेवढ्या भागात मला कुठे दिसले नाही.

इथपर्यंत आपल्या सवयीचा संताप येतो आणि तो खोटा नाही. इतिहास पाहा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्यात कामगार तर होतेच, पण सिंचन, वीज आणि सार्वजनिक बांधकामही होते. हा भाग आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर जानेवारी १९४५ आणि ऑगस्ट १९४५ मध्ये दामोदर खोऱ्यासाठी झालेल्या परिषदांचे अध्यक्ष बाबासाहेब होते. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण झाले होते, तो नमुना त्यांनी समोर ठेवला. म्हणजे संपूर्ण नदीचे खोरे हे एकक मानायचे. पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करायचा. प्रांतांच्या भांडणात नदी अडकू द्यायची नाही. एप्रिल १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याने केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन केला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तिथे आहे. अजुध्यानाथ खोसला हे त्याचे पहिले अध्यक्ष.

आणि ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओडिशाच्या नद्यांबाबत परिषद झाली. बाबासाहेबांचे तिथले भाषण इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या दहाव्या खंडात आहे. ते वाचाच. महानदीच्या मुखाकडचा प्रदेश दरवर्षी पुराने उद्ध्वस्त होत होता. एकामागून एक समित्या बसल्या होत्या, विश्वेश्वरय्यांनीही १९३७ मध्ये अहवाल दिला होता. सरकारचा भर मात्र नदीकाठी बांध घालण्यावर. बाबासाहेबांनी त्या भाषणात प्रश्नच उलटा केला. जास्त पाणी हे संकट नाही, माणूस पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त मरतो. पाणी ही लोकांची संपत्ती आहे, ती समुद्रात लोटायची नसून साठवायची आहे, असा त्यांचा मुद्दा होता. चवदार तळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने हे म्हणावे याचे आश्चर्य वाटायला नको.

पुढचा घटनाक्रम असा. १५ मार्च १९४६ रोजी ओडिशाचे गव्हर्नर हॉथॉर्न लुईस यांनी हिराकुडची पायाभरणी केली. त्याच वर्षी बाबासाहेब कार्यकारी मंडळातून बाहेर पडले. १२ एप्रिल १९४८ रोजी नेहरूंनी पहिले काँक्रीट टाकले. १३ जानेवारी १९५७ रोजी नेहरूंच्याच हस्ते उद्घाटन झाले. तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन अडतीस दिवस झाले होते.

त्यामुळे ‘हिराकुड धरण बाबासाहेबांनी बांधले’ हे आपल्या पोस्टरवरचे वाक्य काटेकोर नाही. धरण त्यांनी बांधले नाही. त्यामागची नदीखोऱ्याची कल्पना, ती राबवणारी यंत्रणा आणि कटकची ती दिशा त्यांची होती. हे पुरेसे मोठे आहे, त्याला फुगवायची गरज नाही. फुगवलेले वाक्य एक अडचण आणते : धरण आमच्या बाबासाहेबांनी बांधले असे म्हटले, की त्या धरणाने जे केले त्याचाही हिशेब आपल्याच दारात येतो. त्या गोंड मुलीने तेवढाच हिशेब मागितला होता.

तो हिशेब असा आहे. हिराकुडच्या पाण्यात २८५ गावे बाधित झाली, २४९ ओडिशातली आणि ३६ तेव्हाच्या मध्य प्रदेशातली. सुमारे २२ हजार कुटुंबे उठली. सरकारी आकड्याने एक लाखाहून अधिक माणसे, अभ्यासकांच्या अंदाजाने त्याहून बरीच जास्त. सरकारने वसवलेल्या वसाहतींत गेलेली कुटुंबे सुमारे एक दशांश. बाकीची हातात मिळेल ती रक्कम घेऊन वाट फुटेल तिकडे गेली.

त्या ३६ गावांशी माझ्या शहराचा संबंध आहे, हे मला तिथे गेल्यावर लक्षात आले. ती गावे रायगढ भागातली. रायगढ संस्थान १ जानेवारी १९४८ ला मध्य प्रांत-वऱ्हाडात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे ती गावे रिकामी होत होती तेव्हा त्यांचा कारभार नागपुरातून चालत होता. ज्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात आपली धम्मदीक्षा झाली, त्या महिन्यातही ते राज्य नागपूरचेच होते. या गावांविषयी नागपुरात मी आजवर एकही भाषण ऐकलेले नाही. मीही केलेले नाही.

लोक गप्प राहिले नव्हते. १९४६ पासून संबलपूरमध्ये धरणाविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. त्यात बायाही रस्त्यावर आल्या. पुराचा फायदा किनाऱ्याला आणि बुडणे आमच्या वाट्याला, हा त्यांचा सवाल होता, आणि तो चुकीचा नव्हता. पुरातून वाचणार होता खालचा कटक-पुरीचा प्रदेश, बुडणार होता वरचा. पण आपण आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. या आंदोलनाच्या पुढारपणात गावोगावचे गौंतिया होते. गौंतिया म्हणजे आपल्याकडच्या मालगुजारासारखा गावप्रमुख. गावातली चांगली जमीन ‘भोगरा’ म्हणून त्याच्याकडे. त्याचे नुकसान खरे होते, पण त्याच्याकडे नुकसान दाखवायला कागद होता. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे काय होते?

हे मी एका म्हाताऱ्या बाबांना विचारले. जलाशयाच्या काठावरच्या एका वस्तीत संबलपूरचा एक कार्यकर्ता मला घेऊन गेला होता. बाबा गांडा समाजाचे. ही पश्चिम ओडिशातली अनुसूचित जात; विणकाम, वाजंत्री आणि गावची चौकीदारी ही परंपरेने त्यांची कामे. ऐकताना मला सतत आपली महारकी आठवत होती. त्यांचे वडील गावचे चौकीदार, आणि चौकीदारीच्या बदल्यात कसायला जमिनीचा एक तुकडा. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. संबलपुरी आणि हिंदीच्या मिश्रणात ते म्हणाले, “जमीन गावाची होती, काम गावाचं होतं. गावच गेलं तर जमीन कुणाची आणि आम्ही कुणाचे? गौंतियाला मोटारीतून साहेब भेटायला यायचे. आमच्या बापाला यादीत नाव आहे की नाही हेसुद्धा गौंतियालाच विचारावं लागायचं.”

मोबदला मिळाला का, या प्रश्नावर ते हसले. घराचे थोडे पैसे मिळाले, त्यात एक म्हैस आली आणि ती पहिल्याच पावसाळ्यात मेली.

एका माणसाच्या आठवणीवरून सगळ्या २८५ गावांचा निष्कर्ष काढणे समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभत नाही, मला कळते. पण यातले तत्त्व समजायला एक माणूस पुरतो. मोबदला प्रामुख्याने नोंदलेल्या जमिनीचा आणि घराचा असतो. ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, ज्याची नाही त्याला नाही. मजूर, बिननोंदीचे कूळ, चाकरीच्या जमिनीवर जगणारा, जंगलातून मोह-तेंदू गोळा करणारा आदिवासी या सगळ्यांचे जगणे गावात होते पण कागदावर नव्हते. गावाची जातीची उतरंड होती तशीच मोबदल्याच्या यादीत उतरते. पाणी सगळ्यांना सारखे बुडवते असे म्हणतात, पण भरपाई सारखी होत नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखले नव्हते का? ओळखले होते, आणि हीच गोष्टीची दुसरी अर्धी बाजू आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हापासून चाकरीची जमीन म्हणजे गुलामीचा पट्टा हे ते सांगत होते. १९४५ च्या दामोदर परिषदेतल्या त्यांच्या भाषणांत तर विस्थापितांचा सरळ उल्लेख आहे. प्रकल्पाचा लाभ खोऱ्यातल्या तळच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, आणि धरणामुळे सुरुवातीला जे उखडले जातील त्यांच्या भल्याचे नियोजन आधीच झाले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. खोऱ्यासाठी वेगळे प्राधिकरण हवे, या मागणीमागचे एक कारणच ते होते. म्हणजे त्यांच्या डोक्यात पुनर्वसन हे धरणानंतरचे दानधर्माचे काम नव्हते, ते धरणाच्या आराखड्यातच होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते याहून पुढे गेले : शेती राज्याच्या मालकीची, जमीन जात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक कसायला, ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन. अशी व्यवस्था असती तर त्या चौकीदाराचे नाव यादीत गौंतियाच्या मेहरबानीने आले नसते.

दामोदरला निदान १९४८ च्या कायद्याने महामंडळ मिळाले. त्यानेही विस्थापितांचे काय केले हा वेगळा आणि फारसा अभिमानाचा नसलेला विषय आहे. हिराकुडला तेवढेही नाही. नदीखोऱ्याच्या कल्पनेतून सरकारने भिंत, कालवा आणि वीजघर घेतले. माणसांचे नियोजन मागे राहिले. त्रास सोसायचाच असेल तर देशासाठी सोसा, अशा अर्थाचे नेहरू १९४८ मध्ये इथल्या विस्थापितांना म्हणाल्याचे अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. कुणाच्या देशासाठी, असे विचारायची सोय तेव्हा नव्हती.

आपल्याच चळवळीत या ठिकाणी एक युक्तिवाद हमखास येतो. बाबासाहेबांनी संविधान सभेत गावाला अज्ञानाचे आणि जातीयतेचे डबके म्हटले, आपल्याला गाव सोडायला सांगितले. मग गाव बुडाले तर रडायचे कशाला? मी स्वतः तरुणपणी असे बोललेली आहे. आज ते मला मान्य नाही. गाव सोडणे आणि गावातून उखडले जाणे यात फरक आहे. बाबासाहेबांनी त्याच १९४७ च्या निवेदनात अनुसूचित जातींसाठी पडीक सरकारी जमिनीवर स्वतंत्र नव्या वसाहती मागितल्या होत्या. जमीन हातात, वसाहत स्वतःची, मग गावाची पाटी पुसा, असा त्याचा क्रम. जमीन न देता घर बुडवणे हे जातिअंताचे काम नाही. गोसेखुर्दच्या वसाहतींत मी पाहते, नव्या प्लॉटवरही जुन्या गावाची रचना जशीच्या तशी बसते. फक्त बौद्ध टोळीला आता शेत जवळ नसते आणि मजुरीला जायला बसभाडे लागते.

धरणाचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. बुर्ला आणि चिपलिमा इथे वीज होते. बरगढ, संबलपूर, बलांगीर, सुवर्णपूर या भागांत खरिपात दीड लाख हेक्टरहून जास्त जमीन भिजते. बरगढकडे बसने गेले तेव्हा मेच्या उन्हातही दोन्ही बाजूंना हिरवा भात उभा होता. बसमधला शेजारी अभिमानाने सांगत होता, हे ओडिशाचे भाताचे कोठार. कालव्याखालच्या जमिनी पुढे किनारी आंध्रातून आलेल्या सधन शेतकऱ्यांनीही मोठ्या प्रमाणात घेतल्या. ज्यांची गावे गेली त्यांच्यापैकी किती जणांच्या शेतात हे पाणी आले, हे त्या हिरव्या शेताकडे पाहून कळत नाही. आणि आता पाण्यावर नवे दावेदार आहेत. ६ नोव्हेंबर २००७ रोजी हजारो शेतकरी धरणावर धडकले, कारण शेतीचे पाणी कारखान्यांकडे वळत होते. त्यांच्यावर लाठीमार झाला. वरच्या अंगाला छत्तीसगढ आणि खाली ओडिशा यांचे भांडण २०१८ पासून लवादापुढे आहे. नदी प्रांतांच्या भांडणात अडकू नये म्हणूनच तर १९४५ मध्ये खोऱ्याचे एकक मागितले होते.

त्या संध्याकाळी बाबा मला काठावर घेऊन गेले. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा बुडालेल्या गावांतली दगडी देवळे वर येतात. लांबवर एका देवळाचा कळस दिसत होता. होडीवाले लोकांना तिथे नेतात, वर्तमानपत्रांत दरवर्षी फोटो येतो, इतिहासप्रेमी या देवळांच्या नोंदी करतात. करू द्या, नोंदी झाल्याच पाहिजेत. पण मी बाबांना विचारले, तुमची वस्ती देवळापासून कोणत्या बाजूला होती? त्यांनी हात केला, देवळापासून बराच लांब, पाण्याच्या एका कोऱ्या पट्ट्याकडे. “आमची घरं मातीची होती,” ते म्हणाले, “ती वर येत नाहीत.” मग म्हणाले, “आणि देवळात तर आम्हाला जायलाच नव्हतं. आता टूरिस्ट जातात.”

ही जागा कोणत्याही नकाशावर नाही. मी वहीत एक वाकडातिकडा नकाशा काढला : देऊळ, गौंतियाचे घर, तळे, आणि गांडापाडा. बाबांनी दोनदा दुरुस्त करायला लावला. तळ्याचा त्यांचा घाट वेगळा होता, तो मी दाखवला नव्हता. वरच्या अंगाला गौंतियाचा घाट, खालच्या अंगाला यांचा. पाण्याखालच्या गावातही पाणी वाटलेले होते.

परत आल्यावर मी दहाव्या खंडातल्या दामोदर आणि कटकच्या भाषणांच्या झेरॉक्स काढल्या, विस्थापितांबद्दलच्या ओळींखाली रेघ मारली, आणि त्या गोंड मुलीच्या गावी जाऊन तिला दिल्या. तिला म्हटले, तू विचारलेस त्याचे उत्तर मला तेव्हा येत नव्हते. तिने तिथेच ओसरीवर बसून वाचले. इंग्रजी अडले तिथे मी सांगितले. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “हे त्यांनी पंचेचाळीस साली लिहिलं होतं, मग तुम्ही व्याख्यानात फक्त टाळ्यांचा भाग का सांगता?”

पुढच्या महिन्यात त्याच तालुक्यात पुन्हा शिबिर आहे. धरणाच्या सत्रात या वेळी तिने बोलायचे ठरले आहे. बाबांच्या वस्तीचा तो नकाशा तिने माझ्याकडून मागून घेतला आहे, आणि आपल्या बुडालेल्या गावाचा ती स्वतः काढते आहे.